अडकलेला ड्रम

गाडी धावते कशी, हे आपल्याला थोडेफार ठाऊक असते. इंजिनात पेट्रोल जळते, इंजिन चाके फिरवते आणि गाडी पुढे जाते. पण धावणारी गाडी थांबते कशी, असे विचारले तर पुष्कळ जण 'ब्रेक दाबला की थांबते' एवढेच सांगतात. ब्रेक दाबल्यावर चाकाच्या आत नेमके काय घडते ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते एका लोखंडी झाकणाखाली घडते. या झाकणाला ड्रम म्हणतात. या पाठात आपण ड्रम ब्रेकची माहिती घेऊ, आणि ड्रम गंजून चाकात घट्ट बसला तर तो कसा काढतात तेही पाहू.

उदाहरण म्हणून शाळेची व्हॅन घेऊ. नागपुरात मोमिनपुरा, ताजबाग, जाफरनगर अशा वस्त्यांतून सकाळी मुलांना घेऊन जाणाऱ्या व्हॅन तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्यापैकी काही जण अशा व्हॅनमधूनच शाळेत येत असतील. पुष्कळ वर्षे या कामासाठी मारुती ओम्नी ही गाडी वापरली गेली. १९८४ मध्ये ती 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. पण जुन्या ओम्नी रस्त्यावर अजून दिसतात. तिच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. ऑटोरिक्षालाही ड्रम ब्रेक असतो आणि आजच्या कितीतरी मोटारींच्या मागच्या चाकांनाही तोच असतो.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नागपुरात सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या वस्त्यांत तर फार कडक बंदोबस्त होता. शाळा नाही म्हणून शाळेची व्हॅनही नाही. राज्यातील शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवण्यास सरकारने परवानगी दिली ती ४ ऑक्टोबर २०२१ पासून. म्हणजे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे मध्ये गेले. इतके दिवस गल्लीत किंवा उघड्या मैदानात उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते? बॅटरी उतरते, टायरमधील हवा जाते. आणि गाडी हँडब्रेक ओढून उभी केली असेल तर कधी कधी मागची चाके जागची हलत नाहीत. चार माणसांनी मागून जोर लावला तरी गाडी इंचभर सरकत नाही.

अशा वेळी काही चालक दुसऱ्या गाडीला दोर बांधून आपली गाडी हिसक्याने ओढतात. 'खट्' असा आवाज होतो आणि चाक सुटते. चालकाला हायसे वाटते. पण तो आवाज कशाचा होता? कदाचित फक्त गंज तुटला असेल. कदाचित ब्रेकचे अस्तर मुळापासून उखडून ड्रमच्या आत सैल पडले असेल. बाहेरून पाहून यातले काय झाले हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याच व्हॅनमध्ये दुसऱ्या दिवशी आठ-दहा मुले बसणार असतात. म्हणून चाक फिरू लागले तरी ड्रम काढून आत पाहिलेच पाहिजे. तो सहज निघत नाही, हीच खरी अडचण आहे.

आता ड्रमच्या आत काय असते ते पाहू. ड्रम म्हणजे कडा असलेले एक पसरट लोखंडी पातेले समजा. ते आडवे धरून चाकाच्या आत बसवलेले असते आणि चाकाबरोबर फिरते. त्याच्या पोटात हिलालच्या, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे असतात. त्यांना ब्रेक शू म्हणतात. शू फिरत नाहीत. ते मागच्या एका स्थिर पत्र्यावर बसवलेले असतात. प्रत्येक शूच्या बाहेरच्या बाजूला खरखरीत अस्तर चिकटवलेले किंवा रिव्हेट मारून बसवलेले असते. गॅरेजमध्ये त्याला 'लायनिंग' किंवा 'लायनर' म्हणतात. दोन्ही शूंना स्प्रिंगा लावलेल्या असतात. त्या शूंना आत ओढून ठेवतात, त्यामुळे एरवी अस्तर ड्रमला घासत नाही.

चालकाने ब्रेकचे पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात. हा दाब चाकातील छोट्या सिलिंडरपर्यंत जातो. त्या सिलिंडरला दोन तोंडे आणि दोन पिस्टन असतात. पिस्टन दोन्ही शूंना बाहेर ढकलतात. अस्तर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासते आणि ड्रम थांबतो. ड्रमबरोबर चाक थांबते, चाकाबरोबर गाडी. हँडब्रेक मात्र ऑइलवर चालत नाही. तो एका तारेने तेच शू बाहेर ढकलतो. ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समधील लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक तयार केला. तेव्हा शू हलवण्यासाठी ऑइल नव्हते. दांडे आणि तारा होत्या.

ब्रेक लागताना गाडीची गती कुठे जाते? ती उष्णतेत बदलते. मुलांसह १००० किलोग्रॅम वजनाची व्हॅन ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती पूर्ण थांबवताना सुमारे ६२,००० जूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसने तापेल. ही झाली एका वेळची उष्णता. गर्दीच्या रस्त्याने जाताना व्हॅनचा ब्रेक किती वेळा लागतो, याचा हिशेब तुम्हीच करा. ही सारी उष्णता सोसायची म्हणून ड्रम जाड बिडाचा करतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. घरात बिडाचा तवा असेल तर त्याचा स्वभाव तुम्हांला माहीत असेल. तो उष्णता छान धरून ठेवतो, पण हातातून फरशीवर पडला तर वाकत नाही, सरळ तुटतो. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे हातोड्याचा विषय येणार आहे.

ड्रम घट्ट का बसतो? त्याची कारणे वेगवेगळी असतात, पण बाहेरून सगळ्यांचे लक्षण एकच दिसते: ड्रम निघत नाही.

पहिले कारण अगदी साधे आहे. हँडब्रेक सोडलेलाच नसतो. किंवा आतला दांडा खाली केलेला असतो, पण त्याची तार आपल्या नळीत गंजून अडकलेली असते, त्यामुळे शू ड्रमला धरूनच राहतात. दुसरे कारण म्हणजे अस्तर आणि ड्रम यांच्यामधला गंज. गंज म्हणजे उर्दूतले जंग. पावसाचे पाणी आत गेले आणि हँडब्रेक ओढलेला राहिला, तर ड्रमची भिंत गंजते आणि अस्तर तिला चिकटून बसते. तिसरे कारण मधल्या भागात असते. ड्रमच्या मधोमध एक गोल छिद्र असते. ते चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या लोखंडी गोलावर, अगदी नेमके बसते. या दोन्हींमध्ये केसाएवढीच फट असते. तिथे पाणी गेले की लोखंडाचा गंज होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो त्या बारीक फटीत पाचर ठोकल्यासारखा बसतो.

चौथे कारण जुन्या गाड्यांत आढळते. वर्षानुवर्षे अस्तर घासून ड्रमची भिंत झिजते. पण अस्तर जिथे पोहोचत नाही, तिथली आतली कड झिजत नाही. म्हणून तिथे एक छोटा उंच काठ तयार होतो. ड्रम बाहेर ओढला की शू त्या काठाला अडकतात. गंज अजिबात नसला तरीही असा ड्रम निघत नाही.

नवशिका कारागीर ड्रम निघत नाही हे पाहिले की लगेच हातोडा उचलतो. जाणता उस्ताद त्याला थांबवतो. त्यांचे बोलणे साधारण असे चालते.

"उस्ताद, मारू का?"

"थांब जरा. आधी सांग, ड्रम कुठे धरलाय?"

"ते कसं कळणार? आतलं तर दिसत नाही."

"हातानं फिरवून बघ. फिरतोय का?"

या एका प्रश्नात अर्धे उत्तर आहे. हँडब्रेक सोडून आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून उचललेले चाक हाताने फिरवायचे. ते मोकळे फिरत असेल, तर शूंनी ड्रमला धरलेले नाही. मग दोष मधल्या छिद्रात, हबच्या गंजात आहे. चाक मुळीच फिरत नसेल, तर शू धरून आहेत. म्हणजे हँडब्रेकची तार अडकली आहे किंवा अस्तर चिकटले आहे. ड्रम तीन-चार मिलिमीटर बाहेर येतो, डुगडुगतो आणि मग अडकतो, असे असेल तर आतला काठ आडवा येत आहे. प्रत्येक दोषाचा उपाय निराळा आहे. हबवर गंज असताना हँडब्रेकच्या तारेशी खटपट करून काही मिळणार नाही. शू काठात अडकलेले असताना ड्रमवर हातोडा मारला, तर आतल्या स्प्रिंगा आणि खिळे वाकतील, आणि ड्रम होता तिथेच राहील.

हे काम शिकाऊ मुलाने एकट्याने करण्याचे नाही. गॅरेजमध्ये ते कसे होते हे पाहताना कुठे लक्ष द्यायचे, एवढ्यासाठी पुढची माहिती आहे. पहिली काळजी गाडी उचलतानाची. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि आपल्याला तोच सोडायचा आहे. मग गाडी धरून ठेवणार कोण? 'गिअरमध्ये ठेवली की झाले' असे कोणी म्हणेल. ओम्नीचे इंजिन मागची चाके फिरवते. मागचे एक चाक उचलले की दोन चाकांमधल्या डिफरन्शियलमुळे ते चाक हवेत मोकळे फिरू शकते, आणि त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाकही अडत नाही. अशा वेळी गिअर गाडीला धरून ठेवत नाही. शिवाय चाक फिरवून पाहण्यासाठी आपल्याला गाडी न्यूट्रलमध्येच हवी असते. म्हणून सपाट, टणक जमीन निवडायची आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावायचे. साधी वीट वापरू नये. ती भाराने फुटते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करतात. गाडी उचलल्यावर त्यांच्यावर जोर लावला तर गाडी जॅकवर हलते. त्यानंतर जॅकने गाडी उचलायची आणि लगेच खाली मजबूत लोखंडी स्टँड लावायचा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून ठेवण्याचे नाही. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवण्याची काही जुन्या कारागिरांची सवय फार चांगली आहे. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही. रस्त्याच्या कडेला नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणी डोके घातलेले दिसते, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

आता ड्रम. काही गाड्यांत तो एक-दोन लहान स्क्रूंनी हबला बांधलेला असतो. ते आधी काढावे लागतात. हे स्क्रू गंजाखाली दिसत नाहीत, म्हणून तारेच्या ब्रशने ड्रमचे तोंड घासून साफ करतात. काही वेळा एवढ्यानेच कोडे सुटते. ड्रम अडकलेला नसतो, तो स्क्रूने बांधलेला असतो!

हबवर गंज असेल तर मधल्या छिद्राच्या फटीत आणि चाकाच्या बोल्टांभोवती गंज सोडवणारे पातळ तेल थेंब थेंब सोडतात. असे तेल डब्यात तयार मिळते. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलही वापरतात. तेल बारीक फटीत आपोआप आत ओढले जाते, जसे दिव्याच्या वातीत चढते. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. पाच मिनिटांत निकाल मागणाऱ्याला तेल काही देत नाही. संध्याकाळी तेल सोडावे आणि सकाळी कामाला लागावे, हे उत्तम. तेल जास्त ओतणे मात्र चुकीचे आहे. ते ड्रमच्या आत वाहून अस्तराला लागले, तर अस्तराचा खरखरीतपणा जातो. तेल प्यालेले अस्तर पुसून पुन्हा नीट होत नाही, ते बदलावेच लागते.

पुष्कळ ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत चाकाचे बोल्ट बसत नाहीत, म्हणून ती कशासाठी आहेत असा प्रश्न पडतो. ती ड्रम काढण्यासाठीच ठेवलेली असतात. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. दोन्ही छिद्रांत बोल्ट घालून ते आवळत गेले की बोल्टांची टोके मागच्या हबवर टेकतात आणि ड्रमला बाहेर ढकलतात. इथे संयम हवा. एका बोल्टला अर्धा फेरा, मग दुसऱ्याला अर्धा फेरा. एकच बोल्ट आवळत राहिला तर ड्रम तिरपा होऊन आणखी अडकतो किंवा त्याचा तुकडा पडतो. दोन्ही बोल्ट ताठ झाले की थांबायचे आणि ड्रमच्या तोंडावर, चाकाच्या बोल्टांच्या मधल्या जागेत, हातोड्याने बेताचे ठोके द्यायचे. ठोक्याने गंजाची पकड सुटते आणि बोल्टांचा दाब ड्रमला बाहेर काढतो. छिद्रे नसतील तर तीन पायांचा पुलर लावतात. त्याचे पाय ड्रमच्या कडेला धरतात आणि मधला स्क्रू हबवर दाब देतो.

हातोडा इथे आला, पण कसा आला ते पाहा. तो दाबाच्या मदतीला आला. ड्रमच्या कडेवर मागून जोराचा घाव घातला तर बिडाचा तवा आठवावा. कडेचा टवका उडतो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि ठोकणीखाली लाकडाचा तुकडा किंवा पितळेची सळई ठेवलेली बरी.

शू धरून असतील तर काम मागच्या पत्र्याकडून होते. आधी हँडब्रेकची तार तिच्या नटाजवळ सैल करतात. मागच्या पत्र्यावर बहुधा रबरी बूच लावलेले एक लहान छिद्र असते. बूच काढून त्यातून पेचकस आत घालतात. आत दात्यांचे एक छोटे चाक असते. ते फिरवले की शू एकमेकांजवळ येतात आणि ड्रम मोकळा होतो. कोणत्या बाजूने फिरवायचे हे गाडीगाडीप्रमाणे बदलते. दोन-तीन दाते फिरवून ड्रम हलवून पाहावा. तो आणखी घट्ट झाला तर दिशा उलट आहे. ड्रमच्या आतला काठ आडवा येत असेल तरीही हाच उपाय. शू आत घेतले की ते काठाखालून सरकतात. अस्तर गंजाने चिकटलेले असेल तर ड्रमच्या बाहेरच्या गोल भिंतीवर सगळीकडून हलके ठोके देतात. ड्रम घंटेसारखा थरथरतो आणि अस्तर सुटते.

एवढे करूनही ड्रम हबवरून हलला नाही, तर काही कारागीर तो तापवतात. त्यामागचे विज्ञान गमतीचे आहे. तापवल्यावर लोखंड प्रसरण पावते. मग ड्रम तापवला तर त्याचे मधले छिद्र लहान होईल की मोठे? बरीच मुले म्हणतात, 'लोखंड चहूबाजूंनी फुगेल, म्हणून छिद्र लहान होईल.' हे उत्तर बरोबर नाही. छिद्रही मोठे होते. ड्रमवर छिद्राच्या कडेने एक वर्तुळ काढले आहे असे समजा. लोखंड वाढले की त्या वर्तुळाचा परीघही वाढणार. परीघ वाढला तर व्यास कमी कसा होईल?

खेड्यातल्या लोहारांना हे पुस्तकाशिवाय माहीत होते. आता बहुतेक बैलगाड्यांना रबरी टायर असतात. पूर्वी लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवीत असत. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करी. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवी. तापलेली धाव मोठी होई आणि चाकावर सहज बसे. लगेच तिच्यावर पाणी ओतत. धाव आकसे आणि लाकडाला अशी आवळे की खिळ्याची फारशी गरज उरत नसे. ड्रम काढताना आपल्याला याच्या उलट हवे असते. बाहेरचे लोखंड तापून मोठे व्हावे आणि आतले हब थंडच राहावे.

वाढ किती होते? बिडाचा एक मिलिमीटर एका अंशाने तापला की सुमारे ०.००००११ मिलिमीटरने वाढतो. मधले छिद्र ६० मिलिमीटरचे असेल आणि ड्रम १०० अंशांनी तापवला, तर छिद्र सुमारे ०.०६६ मिलिमीटरने मोठे होईल. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते. गंजाची पकड सोडवायला कधी कधी एवढी फट पुरते. पण फार वेळ तापवत राहिले तर उष्णता हबपर्यंत पोहोचते, हबही फुगते आणि सारी मेहनत वाया जाते. त्याहून मोठा धोका निराळा आहे. आत रबरी वॉशर असतात, ब्रेक ऑइल असते, ग्रीस असते आणि वरून आपण सोडलेले तेल असते. जाळ लागला तर ही सगळी पेटतात, आणि गाडीची पेट्रोलची टाकी फार दूर नसते. म्हणून गॅसच्या ज्योतीने ड्रम तापवण्याचे काम अनुभवी कारागिराशिवाय कोणी करू नये. माझ्या मते शाळेच्या व्हॅनच्या बाबतीत तर एवढ्या टोकाला जाण्यापेक्षा ड्रम खराब झाला असे मानून नवा बसवणे परवडते.

ड्रम निघाला की आतून काळी-तांबूस भुकटी खाली पडते. ती फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. ही सवय घातक आहे. ब्रेकच्या अस्तरात पूर्वी अस्बेस्टॉस नावाचे तंतुमय खनिज वापरीत, कारण ते जळत नाही. त्याचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसात गेले की तिथेच रुतून राहतात. त्यांमुळे फुप्फुसाचे गंभीर आजार आणि कर्करोग होतो, आणि हे आजार दिसायला वीस-तीस वर्षेही लागतात. आज अस्बेस्टॉस नसलेली अस्तरे मिळतात. पण समोरच्या जुन्या गाडीत कोणते अस्तर आहे, हे पाहून कळत नाही. म्हणून प्रत्येक ड्रममधली भुकटी विषारी आहे असेच समजावे. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. गॅरेजमध्ये काम करणारी कोवळ्या वयाची मुले ही भुकटी रोज श्वासात घेतात, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ड्रम बाहेर असताना ब्रेकचे पेडल कोणीही दाबता कामा नये. शूंना अडवायला भिंत नसते, त्यामुळे सिलिंडरचे पिस्टन बाहेर निसटतात आणि ऑइल सांडते. चालकाच्या जागेवर लहान मूल खेळत असेल तर त्याला आधी खाली उतरवावे.

मग तपासणी. अस्तर कुठे उखडले आहे का? ते रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले आहे का? सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल आहे का? ओल असेल तर ऑइल गळत आहे. ड्रमच्या भिंतीवर खोल चरे किंवा तडा आहे का? झिजलेला ड्रम लेथवर घासून पुन्हा गुळगुळीत करता येतो. पण किती मोठ्या व्यासापर्यंत घासायचा याची मर्यादा असते. बहुधा ती ड्रमवरच उमटवलेली असते. त्यापलीकडे गेलेला ड्रम पातळ होतो. तो तापतो लवकर आणि तडकतो. अस्तर बदलायचे असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात. एकीकडे नवे आणि दुसरीकडे जुने अस्तर असले, तर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते.

ड्रम परत बसवण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढतात आणि तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात देतात. त्यामुळे पुढच्या वेळी ड्रम हाताने निघतो. हे ग्रीस अस्तराला किंवा ड्रमच्या भिंतीला लागू द्यायचे नाही. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा ताणून पाहायचे. गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल काही वेळा दाबून ते घट्ट लागते का, हे पाहतात. मग मोकळ्या मैदानात, कोणी प्रवासी न घेता, चालण्याच्या वेगाने पहिला ब्रेक लावतात.

गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर हँडब्रेक ओढू नये. सपाट जागी ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना ठोकळे लावावे. पाण्यातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक लावत चालवावी. त्या उष्णतेने ड्रम आतून सुकतो. हे सगळे एका चाकाचे झाले. मागच्या दुसऱ्या चाकाचा ड्रम अजून उघडायचा आहे. तोही त्याच पावसात तितकेच दिवस उभा होता.